जुन्या जीपचा दिवा

रात्री बाजाराहून परतणारी बैलगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तरुण मंडळींनी निदान घरच्या वडीलधाऱ्यांकडून तिच्याबद्दल ऐकले असेल. गाडीच्या खाली एक कंदील टांगलेला असे आणि चाकांच्या लयीवर तो हेलकावे घेत असे. आता बघा, त्या कंदिलाच्या उजेडात गाडीवानाला पुढचा रस्ता दिसत नसे. रस्ता बैलांच्या पायांना पाठ. गाडीवान तर कित्येकदा घोंगडी ओढून झोपलेलाच! मग तो कंदील कशासाठी? गाडी दुसऱ्याला दिसावी यासाठी.

म्हणजे वाटेवरच्या दिव्याची कामे दोन. आपल्याला दिसावे हे एक, आणि आपण दुसऱ्याला दिसावे हे दुसरे. युद्धाने त्यात तिसऱ्या कामाची भर घातली, आणि ते अगदी उलटे आहे: वाट तर दिसावी, पण आपण मात्र कोणाला दिसू नये. ही तिन्ही कामे ज्या एका वाहनाच्या नाकाडावर एकत्र आली, त्या वाहनाच्या दिव्याची गोष्ट आज मी आपल्याला सांगणार आहे. हे वाहन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. आजही आपल्याकडे काही हौशी लोकांनी अशा जीपा जपल्या आहेत. त्यांचे दिवे मंद म्हणून ते बदलून नवे लावण्याची खटपट चालते. ती कशी करावी आणि कशी करू नये, हेही ओघाने येईलच. पण आधी इतिहास. कारण एखादी वस्तू तशी का घडली हे ठाऊक नसले, तर ती सुधारायला जाणारा माणूस बहुधा ती बिघडवतो.

१९४० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने हलक्या, चारही चाके ओढणाऱ्या गाडीसाठी १३५ कारखान्यांकडे मागणी पाठवली. उत्तर आले ते दोघांकडूनच. त्यांतल्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. पुढे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने आणले. अखेर विलिसचा नमुना पक्का झाला, त्यात इतरांच्या चांगल्या गोष्टी घेतल्या गेल्या, आणि विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या.

या इतरांच्या चांगल्या गोष्टींतच आपला दिवा येतो. बँटम आणि विलिस यांच्या पहिल्या नमुन्यांत पुढचे दिवे मडगार्डांवर, बाहेर उघडे होते. फोर्डने ते जाळीच्या आत, इंजिनाशेजारी घेतले. रानातून जाताना झाडाची फांदी लागली किंवा समोरची गाडी घासली, तर मार जाळीवर बसावा, काचेवर बसू नये. पण खरी गंमत पुढेच आहे. हे दिवे बिजागरीवर बसवलेले होते. बॉनेट उचलायचे, दोन पाखांचा एक नट बोटांनी सैल करायचा आणि दिवा वर उलटा फिरवायचा. आता त्याचे तोंड इंजिनाकडे! रात्री गाडी बंद पडली तर हातात बॅटरी धरायला दुसरा माणूस नको. जो दिवा वाट दाखवतो तोच मेकॅनिकचा दिवा होतो. ज्याने ही युक्ती काढली त्याने कधी तरी अंधारात, एका हाताने, कुरकुरत गाडी दुरुस्त केलेली असणार, असे मला नेहमी वाटते.

दिव्याच्या आतही त्या काळची एक नवी गोष्ट होती. त्यापूर्वीच्या मोटारींत काच वेगळी, आरसा वेगळा आणि बल्ब वेगळा असे. फटीतून धूळ शिरे, पावसाचा ओलावा शिरे, आरशाची चांदी काळवंडे, आणि दोन-तीन वर्षांत दिवा म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा धूसर होई. १९४० सालच्या मॉडेलांपासून अमेरिकेत सीलबंद दिवा आला. त्यात पुढची काच आणि मागचा काचेचा आरसा वितळवून एकमेकांना जोडलेले असतात आणि तार आतच असते. धूळ नाही, गंज नाही. तार तुटली की सबंध दिवाच बदलायचा. लष्कराला हे फार सोयीचे. शिपायाला आरसा पुसत बसायला नको, आणि एकाच मापाचा दिवा कुठल्याही कोठारात मिळणार.

आता दिव्याच्या तिसऱ्या कामाकडे, म्हणजे लपण्याकडे वळू. १ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. घराच्या खिडक्यांना काळे पडदे लागले, रस्त्यावरचे दिवे विझले, मोटारींच्या दिव्यांवर खाचा पाडलेली पत्र्याची झाकणे चढली. हेतू असा की वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानाला शहर कुठे आहे ते कळू नये. पण अंधार हाही शत्रूच असतो, हे लवकरच कळले. १९३८ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवरच्या अपघातांत ६,६४८ माणसे दगावली होती. १९३९ साली हा आकडा ८,२७२ झाला, १९४० साली ८,६०९, आणि १९४१ साली ९,१६९. पेट्रोल रेशनवर होते, तरीही मरणारे वाढले. त्यांत पायी चालणाऱ्यांची संख्या मोठी होती. मग रस्त्याच्या कडांना, झाडांच्या बुंध्यांना, मोटारींच्या बंपरांना पांढरे पट्टे ओढले गेले आणि १९४० साली वस्तीतून रात्री ताशी २० मैलांची वेगमर्यादा आली. शिक्षकबंधूंनी मुलांना हे चार आकडे जरूर सांगावेत. दिवा ही चैनीची वस्तू नाही, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.

जीपवर या अडचणीचे उत्तर आपल्याला लोखंडात घडवलेले दिसते. तिला दिव्यांचे दोन संसार होते. एक नेहमीचा, म्हणजे जाळीतले मोठे दिवे. दुसरा ब्लॅकआउटचा. जाळीवर दोन चिमुकले दिवे, आणि १९४२ च्या सुमारापासून डाव्या मडगार्डावर टोपी घातलेला आणखी एक दिवा. या टोपीवाल्या दिव्याचा उजेड फक्त खाली, चाकांपुढच्या थोड्याशा जमिनीवर पडे; वरून काही दिसू नये म्हणून टोपी. मागच्या बाजूला होते ते ‘मांजरडोळे’. त्यांची युक्ती मोठी हुशारीची. मागच्या दिव्यांत उजेडाच्या बारीक खिडक्या अशा अंतरांवर ठेवल्या होत्या की फार लांबून त्या सगळ्या मिळून एकच ठिपका वाटे, जरा जवळून दोन वाटत, आणि अगदी जवळ गेले की चार होत. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला एवढेच शिकवलेले असे: एक ठिपका दिसला तर मागे पडलास, दोन दिसले तर ठीक, चार दिसले तर फार जवळ आलास. अंधारात अंतर मोजायची ही पट्टीच म्हणा ना! शाळेत मुलांना हे करूनही दाखवता येईल. एका पुठ्ठ्याला जवळजवळ चार भोके पाडा, मागे टॉर्च धरा आणि मुलांना मैदानावर मागे मागे चालत जायला सांगा.

डॅशबोर्डावरच्या बटणातही हाच विचार होता. बटण ओढले की पहिल्या टप्प्यावर ब्लॅकआउटचे दिवे लागत आणि तिथेच ते अडे. मोठे दिवे लावायचे तर शेजारची एक छोटी कळ मुद्दाम दाबावी लागे, तेव्हाच ते बटण पुढे सरके. कारण उघड आहे. अंधारात चाचपडणाऱ्या हाताने चुकून मोठा दिवा लावला, तर एकट्याचा नव्हे, सबंध ताफ्याचा घात व्हायचा. जीपचे दिवे मंद का, असे जो विचारतो त्याने हे बटण आठवावे. ते मंद राहावेत यासाठी कुणी तरी बरीच अक्कल खर्च केली होती.

पण लपण्याचीही किंमत असते. १९४४ साली नॉर्मंडीतून सैन्य झपाट्याने पुढे गेले, तेव्हा त्याला इंधन आणि दारूगोळा पोचवण्यासाठी २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाची ट्रकांची रांग रात्रंदिवस धावत होती. तिच्यावरचे बहुसंख्य ड्रायव्हर आफ्रिकी-अमेरिकन सैनिक होते. सुरुवातीला रात्री हे लोक मांजरडोळ्यांच्या उजेडात गाड्या हाकत. पुढे आकाशात शत्रूची विमाने फारशी उरली नाहीत, तेव्हा आघाडीपासून दूरच्या रस्त्यांवर पूर्ण दिवे लावण्याची मुभा मिळाली. एकाच गाडीचा दिवा एका महिन्यात धोका, आणि दुसऱ्या महिन्यात आधार!

युद्ध संपले आणि जीप आपल्याकडे आली. आली म्हणजे तशी ती आधीच आली होती. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आसाम-मणिपूरच्या वाटांवर ती धावतच होती. युद्धानंतर लष्कराचे जास्तीचे सामान विकायला निघाले. आपल्याकडे त्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. त्यात जीपा होत्या. १९४५ साली स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाल्यावर जीप ही गटविकास अधिकाऱ्याची खूणच बनली. ज्या गावात कधी मोटार आली नव्हती तिथे ती पोचली. बियाणे घेऊन, देवीची लस घेऊन, कधी पडद्यावरचा सिनेमा घेऊन.

इथे दिव्याचे काम पालटले. आता लपायचे कुणापासून? नागरी जीप १९४५ साली बाजारात आली तेव्हाच तिचे दिवे मोठे झाले होते आणि जाळीच्या आतून बाहेर, पुढे आले होते. लष्करी जीपच्या जाळीला नऊ फटी असत. नागरी जीपच्या जाळीला सातच उरल्या, कारण मोठ्या दिव्यांनी जागा घेतली. म्हणजे जीपचा दिवा सुधारण्याचे काम आजच्या हौशी मंडळींनी सुरू केलेले नाही. ते युद्ध संपले त्याच वर्षी खुद्द कारखान्याने सुरू केले.

आता जुनी लष्करी जीप जपणाऱ्या माणसाच्या तक्रारीकडे येऊ. तो म्हणतो, “दिवे नुसते लुकलुकतात हो. काजवे बरे!” त्याचे पहिले उत्तर बल्बच्या दुकानात नसते. ते फळ्यावर असते, म्हणून शिक्षकबंधूंनी जरा इकडे लक्ष द्यावे.

जीपची बॅटरी ६ व्होल्टची. दोन-दोन व्होल्टचे तीन कप्पे, एवढीच. त्या काळच्या सहा व्होल्टी सीलबंद दिव्याला अप्परवर ४५ वॅट आणि डिपरवर ३५ वॅट लागत. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, हे आपण शिकवतोच. ४५ भागिले ६ म्हणजे साडेसात अँपिअर. दोन दिव्यांचे पंधरा. आता हेच दिवे १२ व्होल्टवर चालवले, तर साडेसात अँपिअरमध्ये दोन्ही भागतात. म्हणजे ६ व्होल्टच्या गाडीत तारेतून दुप्पट प्रवाह वाहतो, आणि तार जुनी, जोड गंजलेला असेल, तर वाटेतली गळतीही दुप्पट.

ही गळती समजा ०.६ व्होल्ट आहे. सहातून ०.६ गेले म्हणजे दहा टक्के गेले. तुम्ही म्हणाल, दहा टक्क्यांनी काय होते? पण तारेच्या दिव्याचा स्वभाव मोठा मानी. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्के कमी होतो. तीच तार, तेच वॅट, पण बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर गळती ०.३ व्होल्ट, म्हणजे अवघी अडीच टक्के, आणि उजेडाची घट आठ-नऊ टक्के. अमेरिकेतल्या मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यास १२ व्होल्टवर का गेल्या आणि १९५० साली आलेल्या नव्या लष्करी जीपला २४ व्होल्ट का दिले, याचे एक कारण या हिशेबात आहे.

म्हणून जुन्या जीपच्या दिव्याची पहिली सुधारणा अगदी फुकटची आहे. आपला टॉर्च मंद झाला की आपण नवे सेल आणण्याआधी काय करतो? मागचे झाकण काढून स्प्रिंग घासून बघतो. इथेही तेच. बॅटरीची टोके घासावीत. गाडीत विजेचा परतीचा रस्ता लोखंडी सांगाड्यातून असतो, त्याला आपले वायरमन ‘अर्थ’ म्हणतात. दिव्याचा अर्थ जिथे पत्र्याला जोडलेला असतो तिथला रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करावा. बिजागरीवरून वीज परत जायची वाट बघू नये. दिव्यापासून सांगाड्यापर्यंत वेगळी तार ओढावी. मग मीटर लावून बॅटरीपाशी किती व्होल्ट आणि दिव्यापाशी किती, हे दिवा लावून मोजावे. या मोजणीतच पुष्कळांचे समाधान होते. काजवा म्हणून ज्याची हेटाळणी केली तो दिवा बरा निघतो. रोग वाटेत असतो.

दुसरी सुधारणा रिलेची. रिले म्हणजे विजेने चालणारा हस्तक. जुन्या बटणाने फक्त हस्तकाला खूण करायची. जड प्रवाह मात्र बॅटरीपासून जाड तारेने, फ्यूजमधून, थेट दिव्याला न्यायचा. याने दोन गोष्टी साधतात. दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळते, आणि ते अडकणारे, ताफा वाचवणारे ऐंशी वर्षांचे बटण तापून जळत नाही.

यापुढे लोकांना मोह होतो नव्या दिव्यांचा. मोहाबद्दल बोलण्याआधी एक प्रसंग सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे वडिलांनी डिस्पोजलमधून घेतलेली जीप आहे. त्यांनी बाजारातून लखलखीत पांढरे एलईडी आणले, जुन्या दिव्यांच्या खोलात बसवले आणि मला हौसेने फिरायला नेले. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. रस्ता अरुंद. उजेड असा की बांधावरचे बोरीचे झाड पानापानाने दिसावे. गृहस्थ खूश. मीही खूश. तेवढ्यात समोरून एक सायकलवाला आला. त्याने डोळ्यांवर हात धरला, दुसऱ्या हाताने हँडल सावरू लागला, आणि आमच्या देखत रस्त्याकडेच्या चारीत गेला. आम्ही उतरून त्याला वर घेतले. खरचटले होते, फार लागले नव्हते. तो रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, “दादा, तुमाला दिसलं, पर मला दिसंना झालं की.”

श्रोतेहो, मी पुष्कळ वर्षे इतिहास शिकवला. पण दिव्याचा सबंध इतिहास इतक्या थोड्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

आता हे का झाले ते पाहू. आरशाचा एक केंद्रबिंदू असतो. भिंगाने कागद पेटवताना आपण भिंग पुढेमागे करतो, ते त्या बिंदूसाठीच. हेडलाइटचा आरसा बनवणाऱ्याने तार नेमकी कुठे असेल हे धरून तो घडवलेला असतो. एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी झोत विस्कटतो. तारेसाठी घडवलेल्या आरशात भलत्या जागी उजेड देणारा एलईडी बसवला, की उजेड वाढतो खरा, पण तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

दुसरे कारण अधिक इतिहासाचे आहे. ही जीप अमेरिकेची. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. म्हणून तिथल्या सीलबंद दिव्याचा डिपर खाली आणि जरासा उजवीकडे झुकतो. तिकडे कडेचा पादचारी असतो. आपण डावीकडून जातो. आपल्या उजवीकडे कोण असते? समोरून येणारा! म्हणजे अमेरिकन दिवा जसाच्या तसा आपल्याकडे लावला, तर डिपर मारूनही तो समोरच्याला पुरता सोडत नाही. म्हणून दिवा घेताना तो डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेला आहे ना, हे पहिल्यांदा विचारावे. जुन्या काळी आपले ट्रकवाले हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगवत, तोही समोरच्याच्या डोळ्यांचाच विचार होता.

मग नवे काहीच लावू नये का? तसे नाही. हॅलोजनचा दिवा १९६० च्या दशकात मोटारींत आला, आणि १९७१ पासून अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये देणारा ‘एच-४’ मिळू लागला. साध्या बल्बमध्ये तारेचा धातू झिजून काचेवर काजळीसारखा बसतो. हॅलोजनमध्ये आतला वायू त्या कणांना धरून पुन्हा तारेकडे आणून सोडतो, म्हणून काच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापवता येते. हा १२ व्होल्टचा बल्ब ६० आणि ५५ वॅटचा असतो. त्याची काच मात्र बोटांनी धरू नये. बोटाचे तेल लागले की तिथे ती तडकते. एलईडीचे म्हणाल, तर २००७ साली लेक्ससच्या एका मोटारीत त्यांचा डिपर पहिल्यांदा आला, आणि आज सबंध दिवा, म्हणजे आरसा, काच आणि एलईडी एकमेकांसाठीच घडवलेला, असाही मिळतो. त्याला वीज थोडी लागते, म्हणून जुन्या डायनमोवर भार पडत नाही. नुसता एलईडीचा बल्ब जुन्या खोलात कोंबणे आणि असा सबंध दिवा बसवणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र तो आपल्या गाडीच्या व्होल्टचा आहे ना, आणि सांगाड्याला बॅटरीचे ऋण टोक जोडले आहे की धन, हे तपासावे. साधा बल्ब उलटसुलट कसाही पेटतो. एलईडीचे तसे नसते.

सबंध गाडी ६ वरून १२ व्होल्टवर नेणारेही आहेत. पण मग बॅटरी, डायनमो, इग्निशनची कॉइल, हॉर्न, काटे, झाडून सारे बल्ब, सगळ्यांचाच विचार करावा लागतो. एक दिवा सुधारायला निघालेला माणूस अर्धी गाडी बदलून बसतो.

आणि दिवा कोणताही लावा, शेवटचे काम भिंतीसमोर करायचे. सपाट जागेवर गाडी पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून पंचवीसेक फुटांवर उभी करावी. दिव्यांची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपरचा लख्ख भाग त्या रेघेच्या खाली राहील असा दिवा वळवावा, आणि झुकवायचा झालाच तर डावीकडे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही, दिव्यासमोर आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल त्याचे डोळे दिपू नयेत, असा दंडक आहे. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाचा डोळा. कायदा लिहिणाऱ्याच्या मनातही तो सायकलवाला होता, असेच म्हणायचे.

कायद्याचे आणखी एक बोलणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपापासून वाहनात मनमानी फेरफार करता येत नाही. शिवाय २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम निघाले. त्यांची अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत. म्हणून मोठा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारलेले बरे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी एक साधा धर्म उरतोच. जुन्या वस्तूवर असा बदल करावा की पुढच्या पिढीला तो उलटवता यावा. पत्र्याला नवी भोके पाडू नयेत. जुने खोल, ती बिजागरी, तो पाखांचा नट, ते अडणारे बटण जागचे हलवू नये. ब्लॅकआउटचे चिमुकले दिवे निरुपयोगी म्हणून उपटू नयेत. गाडीच्या जन्मकथेतले सगळ्यांत खरे शब्द तेच आहेत. काढलेला जुना दिवा भंगारात देऊ नये. तो कापडात गुंडाळून, कोणत्या गाडीचा, कधी आणि का काढला, याची चिठ्ठी लावून ठेवावा. घरात जुनी दस्तऐवजाची पेटी आपण जपतो ना, तसाच हा लोखंडाचा दस्तऐवज.

आमच्या त्या गृहस्थांनी काय केले ते सांगून संपवतो. त्यांनी ते एलईडी काढले, अर्थ घासला, रिले बसवला आणि जुनाच दिवा भिंतीसमोर नीट वळवून लावला. उजेड आता बेताचा आहे. म्हणून रात्री ते जीप सावकाश चालवतात, आणि पुष्कळदा चालवतच नाहीत. तिच्या वयाला ते शोभतेही. शिवाय त्यांनी आपल्या गावातल्या बैलगाड्यांना आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागून लाल चमकपट्ट्या लावून दिल्या. ही पट्टी स्वतः पेटत नाही. आलेला उजेड ती आल्या दिशेला परत पाठवते. म्हणजे मागून येणाऱ्याचा दिवा नीट असेल, तरच पुढची गाडी दिसणार. एकाचा दिवा ही दुसऱ्याची रखवाली असते, ती अशी.

गाडीखालचा तो कंदील आता कुठे दिसत नाही. पण त्याचे सांगणे जुने झालेले नाही. रात्री वाटेवर निघालात, तर आपल्याला किती दिसते एवढेच पाहू नका. समोरच्याला काय दिसते, तेही पाहा.